नकाशा नसलेली नाव

मराठीत ‘होडी कशी बनवायची’ असं गुगलला विचारलं की तो कागदाच्या होडीचे व्हिडिओ दाखवतो. त्याला ‘लाकडी’ हा शब्द जोडला तर आइसक्रीमच्या काड्यांची होडी येते. इंग्रजीत विचारलं की मात्र खजिनाच उघडतो. नॉर्वेची चार वल्ह्यांची फेअरिंग, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची डोरी, सगळ्यांचे नकाशे, फळ्यांची मापं, खिळ्यांमधली अंतरं, सगळं पीडीएफमध्ये तयार. म्हणजे इस्लामपुरात बसून मी नॉर्वेची होडी बनवू शकतो. पण इथून दहा-बारा किलोमीटरवर वाहणाऱ्या कृष्णेत माझ्या आज्जीला माहेरी नेणारी जी नाव होती, ती बनवायची म्हटलं तर माझ्या हातात एकही कागद नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत नवा नवा लागलेला, लॅपटॉपवर एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत पाण्याची पातळी. आजोळ कृष्णाकाठचं. घरात पाणी शिरल्यावर आज्जीला बाहेर काढलं ते काहिलीतून. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: उसाचा रस आटवून गूळ करायची सात-आठ फूट व्यासाची, पसरट, लोखंडी कढई म्हणजे काहील. दोन पोरांनी पोहत ती ढकलली आणि मध्ये आज्जी, एक गाठोडं आणि एक कोंबडी. आज्जी नंतर एवढंच म्हणाली, “लय फिरती रं ती. गरगरल्यागत झालं. नाव असती तर सरळ आलो असतो.”

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं आणणारी बोट उलटली. डझनाहून जास्त जीव गेले. त्यानंतर आमच्या गावातल्या बोलण्यात ‘पूर्वीची नाव’ हा शब्द सारखा यायला लागला, आणि मला वाटलं की ही नाव नक्की कशी होती ते तरी शोधू. एखादा जुना नकाशा असेलच कुठेतरी. जिल्हा गॅझेटिअरमध्ये असेल, नाहीतर एखाद्या इंग्रज इंजिनिअरच्या फायलीत. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलंच असतं की इंग्रजांनी सगळं लिहून ठेवलंय.

होडीचा नकाशा घराच्या नकाशासारखा नसतो, हे आधी सांगायला हवं. घराच्या भिंती सरळ असतात, मापं लिहिली की काम झालं. होडीत एकही रेघ सरळ नसते. म्हणून तिचे काप काढतात. कलिंगडाच्या आडव्या, उभ्या आणि सपाट चकत्या कराव्यात तसे. प्रत्येक कापाची मापं एका तक्त्यात लिहितात आणि त्या तक्त्यावरून कुणीही, कुठेही, तोच आकार पुन्हा उभा करू शकतो. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगला ज्यांनी ड्राफ्टर खांद्यावर टाकून मिरवलं असेल त्यांना कल्पना येईल. थोडक्यात, तो तक्ता म्हणजे सोर्स कोड. मी आमच्या नावेचा सोर्स कोड शोधत होतो.

सुरुवात जुन्यापासून केली. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकांची मापं दिली आहेत, हे राधाकुमुद मुखर्जींच्या १९१२ च्या ‘इंडियन शिपिंग’ या पुस्तकामुळे बऱ्याच लोकांना माहीत झालं. मी अधाशासारखा तो तक्ता उघडला. सगळ्यात लहान ‘क्षुद्रा’ नौका: लांबी १६ हात, रुंदी ४ हात, उंची ४ हात. हात दीड फुटाचा धरला तर चोवीस फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच. काठ माणसाच्या डोक्याला लागतो, मग वल्हं धरायचं कुठून? सगळ्यात मोठी ‘मंथरा’ १२० हात लांब, ६० हात रुंद आणि ६० हात उंच, म्हणजे नऊ मजली इमारत. ग्रंथात लाकडाच्याही ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र अशा जाती लावल्या आहेत, तिथं तर मी हातच टेकले. हा तक्ता ज्यानं लिहिला त्याला आकड्यांची गोडी असणार, पण वाकस हातात घेऊन लाकूड तासणाऱ्या माणसाशी त्याचं फार बोलणं झालं नसावं. व्हॉट्सॲपवर ‘प्राचीन भारतीय जहाजशास्त्र’ म्हणून हाच तक्ता फिरतो तेव्हा मला तो साठ हातांचा काठ आठवतो.

त्यापेक्षा सांचीचा एक दगड जास्त कामाचा निघाला. तिथल्या मोठ्या स्तूपाच्या पूर्वेकडच्या तोरणावर एक छोटी होडी कोरलेली आहे. फळ्या दोरीनं शिवलेल्या स्पष्ट दिसतात. प्रसंग पुराचा आहे: नदीला पूर आलाय, बुद्ध पाण्यावरून चालतायत आणि काश्यप आपल्या शिष्यांना घेऊन होडीतून त्यांच्या मदतीला निघालाय. दोन हजार वर्षांपूर्वीची नदीची होडी, तीही पुरातली. पण ते चित्र आहे. त्यावरून तळाची रुंदी निघत नाही.

मग युरोपकडे वळलो, आणि तिथं पहिला धक्का बसला. तिथंही जुन्या होड्यांना नकाशे नव्हते. इंग्लंडमध्ये जहाजाचे कागदावर काढलेले सगळ्यात जुने आराखडे म्हणून दाखवतात ते मॅथ्यू बेकर नावाच्या राणीच्या जहाजबांधणी कारागिराचे, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्यातल्या एका चित्रात त्यानं जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर चक्क एक मासा काढलाय, आकार कसा हवा ते दाखवायला. तोवर शेकडो वर्षं युरोपात जहाजं बांधली जात होतीच, ती सगळी हाताच्या आणि डोळ्याच्या हिशेबावर. नकाशा आला तो आरमारामुळे. पैसे देणारा राजा एकीकडे, बांधणारा दुसरीकडे, दहा जहाजं एकसारखी हवीत आणि मध्ये हिशेब तपासणारे अधिकारी. तेव्हा कागद लागतो.

कागद लागला की काय होतं त्याची एक गोष्ट आपल्या मुंबईतच घडली. १८१२ मध्ये ब्रिटिश आरमारानं मुंबईच्या गोदीला एका लढाऊ जहाजाची ऑर्डर दिली. बांधणार होते जमशेटजी बमनजी वाडिया. लाकूड मलबारी साग. नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून निघाले. वाटेत, डिसेंबर १८१२ मध्ये, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ला हरवलं आणि जहाज नष्ट झालं. नकाशेही गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, काम रखडलं आणि अखेर १८१७ मध्ये ते जहाज मुंबईत पाण्यात उतरलं. नाव ‘त्रिंकोमाली’. ते आजही तरंगतं, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला, संग्रहालय म्हणून. पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधणाऱ्या घराण्यातला माणूस, हाताशी उत्तम साग, आणि तरीही काम अडलं कागदासाठी. बॅकअप न ठेवता एकाच सर्व्हरवर सगळं ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावावी.

याच्या पुढची पायरी मला हवी होती: देशी नावांचे नकाशे. ते आहेत, आणि ते काढणारे बाहेरचे आहेत. त्रिंकोमालीच्या गोदीत काम केलेल्या जॉन एडाय यानं १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये कोरोमंडल, मलबार आणि सिलोनच्या नौकांवर सचित्र लेख लिहिला. फ्रेंच नौदलातला फ्रान्स्वा-एदमों पारी तर याच्या नादानं झपाटलेलाच होता. जगप्रवासाला निघालेल्या जहाजांवर अधिकारी म्हणून फिरताना, जिथं बंदर लागेल तिथं उतरून तो स्थानिक होड्या मोजत बसायचा. मोठे अधिकारी मेजवान्यांना जात असताना हा टेप आणि वही घेऊन चिखलात. यातल्या एका प्रवासात यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला, तरी याचं मोजणं थांबलं नाही. १८४० च्या दशकात त्याचा युरोपाबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवरचा मोठा ग्रंथ आला. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पत्तेमारीचे काटेकोर नकाशे आहेत. उतारावर हात फिरवल्यासारखं वाटावं इतके सुंदर. पुढे म्हातारपणी तो पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि आपल्याच नकाशांवरून लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या.

रात्री दोनला मी त्या ग्रंथाच्या स्कॅन केलेल्या पानांवरून बोट फिरवत होतो. मुंबई आहे, मलबार आहे, मद्रास आहे, कलकत्ता आहे. कृष्णा नाही. असणार कशी? पारी समुद्रातून आला होता. जहाज जिथं नांगर टाकतं तिथंच त्याची वही उघडायची. सह्याद्री चढून, कराडच्या पुढं उतरून, बह्याच्या रामलिंग बेटापाशी नदी कशानं ओलांडतात ते बघायला कोण येणार?

नदीच्या बाजूनं लिहिणारे लोक भेटले, पण त्यांच्या डोळ्यांत भरल्या त्या गोल होड्या. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज डोमिंगो पायस तुंगभद्रेवरच्या टोपलीसारख्या, वरून कातडं चढवलेल्या होड्यांचं वर्णन करतो. पंधरा-वीस माणसं बसतात, वेळ पडली तर घोडे-बैलही जातात, आणि त्या सरळ न जाता सारख्या गोल फिरतात, असं त्यानं लिहिलंय. तुंगभद्रा पुढे कृष्णेलाच मिळते. पाचशे वर्षांनी आज्जीची काहिलीबद्दलची तक्रार अगदी तीच होती. जेम्स हॉर्नेल या मद्रासच्या मत्स्यखात्यातल्या अधिकाऱ्यानं १९२० मध्ये भारतीय होड्यांवर मोठा अभ्यास छापला, त्यातही या टोपल्यांना मानाचं स्थान आहे. वेगळं दिसतं त्याची नोंद होते. फळ्यांची साधी नाव कुणाला वेगळी वाटली नसावी.

शब्दांमध्ये मात्र ती सापडते. मोल्सवर्थच्या मराठी शब्दकोशात नाव, होडी, डोण, तराफा, तर, सांगड असे शब्द ओळीनं भेटतात. ‘तर’ म्हणजे नदी ओलांडून देणारी नाव, आणि ती ओलांडायची जागासुद्धा. ‘सांगड’ म्हणजे दोन होड्या एकमेकींना बांधून केलेलं तरंगतं साधन, किंवा पोहणाऱ्यानं आधाराला घेतलेली भोपळ्यांची जोडी. ‘अभ्यास आणि नोकरीची सांगड घालणे’ असं आपण बायोडेटात लिहितो तेव्हा नकळत दोन होड्या बांधत असतो. सुतारांच्या मापातला ‘तसू’ही तसाच, गजाचा चोविसावा भाग. ‘तसूभरही हलला नाही’ म्हणणाऱ्याला आज तसू कितीचा ते सांगता येत नाही.

आणि हिशेबांमध्येही ती सापडते, जरा वेगळ्या तऱ्हेनं. हा नदीकाठ म्हणजे एकेकाळी सरहद्दींचं जाळं होता. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि वाळवा तालुका इंग्रजांकडे गेला. जवळचं कुंडल औंध संस्थानात. खाली सांगली, मिरज, कुरुंदवाड पटवर्धनांची. अशा मुलखात नदी ओलांडायची तर कित्येकदा राज्यही ओलांडलं जायचं. मग सरकारला नावेत रस असणारच. १८६८ मध्ये मुंबई सरकारनं फेऱ्यांसाठी कायदा केला. सरकारी उताराच्या जागा ठरल्या, त्यांचे ठेके द्यायचे, माणसामागे-जनावरामागे दर लावायचे. हा कायदा अजूनही महाराष्ट्राच्या कायद्यांच्या यादीत आहे. १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरमध्ये रस्ते-पुलांबरोबर फेऱ्यांचीही दखल आहे. पण ठेका किती रुपयांना गेला याला महत्त्व. नावेचा तळ सपाट की गोल, हे महसूल खात्याला कशाला हवं?

बांधणाऱ्यांकडे कागद असण्याचा तर प्रश्नच नव्हता. गावचा सुतार बलुतेदार. वर्षाच्या सुगीला धान्य मिळायचं, त्यात नांगर, कुळव, दारं, पाळणे आणि जिथं नदी असेल तिथं नाव. नावाडी बहुतेक कोळी किंवा भोई, त्यांचंही पोट पुष्कळसं धान्यावरच. बांधणारा, वल्हवणारा आणि बसणारा, तिघं एकाच काठावर राहणारे. चुकलं तर सकाळी दारात येऊन सांगणार. इथं ना कोटेशन, ना ऑर्डर, ना इन्स्पेक्शन. ब्रिटिश आरमार आणि वाडियांच्या मध्ये जो कागद लागला तो या तिघांच्या मध्ये लागलाच नाही.

लाकडाचा मुद्दा तेवढा वेगळा. ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणात लाकडाबद्दल एक प्रसिद्ध सूचना आहे: आंबा, फणसासारखी झाडं आरमाराला उपयोगी असली तरी रयतेच्या झाडांना जबरदस्तीनं हात लावू नये, कारण ती वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि रयतेनं ती पोरांसारखी जपलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन न्यावं. हे लिहिणाऱ्याला झाड आणि फळी यांच्यातलं अंतर ठाऊक होतं. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

मग पूल आले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. स्वातंत्र्यानंतर एकेका गावाला पूल होत गेला, एसटी आली, वर कोयनेचं धरण झालं. नावा काठावर पालथ्या पडल्या. मला याचं उगाच दुःख करायचं नाही. पावसाळ्यात पोटुशी बाई नावेतून दवाखान्यात नेणं काय असतं ते आज्जीकडून ऐकलंय, आणि पुलाच्या बाजूनं कुणीही मत मागितलं तर मी देईन. सांगलीच्या कृष्णेत पावसाळ्यात अजून होड्यांच्या शर्यती होतात आणि काठावर पाय ठेवायला जागा नसते. पण शर्यतीची होडी लांब, निमुळती, वेगासाठी केलेली. म्हातारी, शेळी आणि सायकल एकदम नेणारी तरीची नाव तिच्याहून अगदी निराळी.

इथवर येईपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. आणि मग एक साधी गोष्ट उशिरा लक्षात आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती. त्या नॉर्वेच्या फेअरिंगचे पीडीएफ मी पुन्हा नीट वाचले. ते नकाशे होडी बांधणाऱ्यांनी काढलेलेच नाहीत. तिथंही बांधणारे नजरेनं बांधायचे. आधी फळीला फळी जोडत बाहेरचं कवच उभं करायचं आणि मग आतून आधाराच्या फासळ्या बसवायच्या. या पद्धतीत आकार फळीगणिक ठरत जातो, आधी कागदावर येत नाही. विसाव्या शतकात मोटरबोटी आल्यावर संग्रहालयवाल्यांनी आणि हौशी लोकांनी जुन्या, उरलेल्या होड्या मोजल्या आणि नकाशे नंतर काढले. पारीनंही तेच केलं होतं. पारंपरिक होडीचा नकाशा कुठं सापडत नसतो. कुणीतरी परक्या माणसानं, होडी कुजायच्या आत, ती मोजलेली असते. कृष्णेवर असा माणूस आला नव्हता, एवढंच.

सध्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण ‘कौंडिण्य’चं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात ते शिवून बांधलं. केरळचे बाबू शंकरन हे कारागीर, दोरी काथ्याची, फटींत राळ. नकाशा नव्हताच, म्हणून नौदलानं आकार नव्यानं ठरवला आणि आयआयटी मद्रासच्या ओशन इंजिनिअरिंग विभागाच्या मदतीनं मॉडेलच्या चाचण्या घेतल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. त्यांच्याकडे फक्त चित्र होतं. माझ्याकडे, म्हटलं, निदान नाव तरी आहे.

ती आजोळी घाटाच्या वरच्या अंगाला, देवळामागं पालथी पडलेली. तिच्यावर शेण्या वाळत घालतात. ती ज्यांनी आपल्या वडिलांच्या हाताखाली बांधली ते तात्या सुतार आता ऐंशीच्या पुढचे. एका डोळ्यात मोतीबिंदू. मी नकाशाचं विचारल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

“नकाशा? नाव काय तलाठ्याकडनं आणत्यात व्हय, पोरा?”

मी समजावलं, की तात्या, तुम्ही बांधताना कुठली मापं धरायचात ते मला लिहून घ्यायचंय. त्यावर त्यांनी मला नावेपाशी नेलं आणि हातानंच दाखवायला सुरुवात केली. तळ इतक्या फळ्यांचा. बूड दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतील एवढं रुंद. काठ बसलेल्या माणसाच्या काखेला यावा. कोकणातल्या होडीच्या तळाला पठाण नावाची मुख्य तुळई असते, तशी इथं नाही. तळ सपाट, कारण उन्हाळ्यात पाणी गुडघाभर आणि नाव गाळावर चढवायची असते. आधी बूड, मग बाजूच्या फळ्या, आणि शेवटी फासळ्या. फासळ्यांसाठी बाभळीची वाकडी खोडं शोधत हिंडायचं. नावेचा बाक आणि खोडाचा बाक जुळला पाहिजे, म्हणजे लाकडाची धार तुटत नाही. फटींत कापूस ठोकायचा आणि वर राळ-तेल.

मग मी विचारलं, माणसं किती बसायची?

“माणसामागं बोटभर बुडती,” तात्या म्हणाले. “वीतभर काठ ऱ्हायला की बास म्हणायचं. मग पाटील आला तरी न्हाई घ्यायचा.”

घरी येऊन मी हिशेब मांडला. नाव साधारण एकोणीस फूट लांब, मध्ये साडेचार फूट रुंद, बावीस इंच खोल. पाण्याला टेकणारं तिचं क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस मीटर धरलं तर एक सेंटिमीटर बुडायला साधारण ४५ किलो लागतात. साठ किलोच्या माणसामागे नाव दीड सेंटिमीटरही बुडत नाही. आणि बोटाची रुंदी दोन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तात्यांचा नियम जवळजवळ दीडपट कडक. मी पुढच्या रविवारी जरा ऐटीतच त्यांना सांगितलं, की तुमचं बोट मोठं पडतंय.

तात्या म्हणाले, “माणूस कधी मोकळ्या हातानं येतोय का? बोचकं आसतंय की त्याच्यासंगं.”

माणूस अधिक बोचकं, ऐंशी-पंच्याऐंशी किलो. बरोबर बोटभर. त्या हिशेबानं बावीस इंच खोलीच्या नावेत, तिचं स्वतःचं वजन आणि वीतभर काठ सोडून, तेरा माणसं बसतात. चौदावा काठावर उभा राहणार. मी तो आकडा वहीत लिहिला आणि थोडा वेळ काहीच केलं नाही.

चार रविवार मोजणी चालली. ओळंबा, टेप, बांबूच्या काड्या आणि मामाचा पोरगा. दर दोन फुटांवर एक काप. मामांचं म्हणणं, की एवढ्या मेहनतीत फायबरची बोट आली असती. ते खोटं नाही. पुरासाठी आता फायबर आणि रबरच्या बोटी असतात आणि त्याच हव्यात. मी डावी बाजू नीट मोजली. नाव उजवीकडे भिंतीला टेकलेली असल्यामुळे त्या बाजूला हात जात नव्हता, पण त्याची काय गरज? सॉफ्टवेअरमध्ये अर्धी होडी भरायची आणि आरशाचं बटण दाबायचं, दुसरी अर्धी आपोआप तयार होते. तसं केलं. स्क्रीनवर नाव फिरवून बघितली तेव्हा खरंच घसा दाटला. मोठ्या कागदावर प्रिंट काढली आणि तात्यांना नेऊन दिली.

तात्यांनी कागद उन्हाला धरला, चांगल्या डोळ्याजवळ नेला, रेघांवरून अंगठा फिरवला.

“चांगलं काढलंयस. पर ही आमची नाव न्हवं.”

आमची नाव, ते म्हणाले, उजव्या अंगाला फुगीर आहे. चार बोटं तरी.

मला एकदम व्हेनिसचा गोंडोला आठवला. गोंडोलाची डावी बाजू उजवीपेक्षा मुद्दाम रुंद ठेवतात, कारण नावाडी एकाच बाजूनं वल्हवतो आणि नाव वळू नये म्हणून तो तोल लागतो. म्हणजे आपल्याकडेही हे ज्ञान होतं! मनातल्या मनात मी लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवलं. आणि विचारलं, तात्या, ते कशासाठी करायचात? वल्ह्यासाठी? की इथला प्रवाह एका अंगानं येतो म्हणून?

“कशापायी करतंय कोण. आंबा तसला व्हता. वाकडा. माळ्याच्या इहिरीवरचा, वाळायला आल्याला, त्यानं दिला. आबा म्हणलं, लाकूड जसं हाय तशी नाव हुईल.”

ती चालायची कशी मग, सरळ?

“डावं वल्हं जरा हळू मारायचं.”

पुढच्या रविवारी चौघांनी मिळून नाव भिंतीपासून सरकवली. उजवी बाजू मोजायला घेतली. नाळेपासून सहाव्या कापापर्यंत मापं मिळाली. तिथून पुढं दीड फूट फळी वाळवीनं खाल्ली आहे, टेप लावला की भुसा पडतो. तक्त्यात त्या तीन जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. आरशाचं बटण दाबलेलं नाही.